निळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरं

आमचा मुलगा अनिरुद्ध गेला ते साल २००९. जून महिन्यात सोलापूर रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. आणि त्याच वर्षीच्या खंडेनवमीनंतर तो दर गुरुवारी कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये परत येऊ लागला.

हे मी म्हणत नाही. भरलेला हॉल म्हणत होता.

दारात चपलांचा ढीग असे. आत माझ्यासारखे निवृत्त कामगार थोडे, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं अडकवलेली पोरंपोरीच जास्त. खंडेनवमीला कारखान्यात पाने-पकडी पुजतात, तसे हे लोक आपापले लॅपटॉप पुजून घ्यायला यंत्रनाथ महाराजांकडे आले होते. पूजा आटोपली, पण लोक उठले नाहीत.

महाराजांच्या अंगात कफनी, हातात माळ, कानात बिनवायरचा फोन.

"देह म्हणजे काय? मशीन!" ते गरजायचे. "आत्मा म्हणजे काय? सेटिंग! मशीन जळतं, सेटिंग जळत नाही. ते वर साठवलेलं असतं. फक्त उतरवून घेणारा पाहिजे!"

"म्हणजे महाराज सर्व्हिस इंजिनिअर," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"तुम्हाला घरी काही कामं नाहीत का?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

मग दुकानातून आणलेला कोरा लॅपटॉप सगळ्यांसमोर खोक्यातून निघायचा. 'शुद्धी'साठी आतल्या खोलीत जायचा. बाहेर आरती, टाळ्या, धूप. आरती संपली की तो परत यायचा, आणि त्याचा पडदा भिंतीवर मोठा करून दाखवायचे. आम्ही पहिल्यांदा गेलो त्या गुरुवारी भिंत निळी झाली आणि तिच्यावर ठळक पिवळी अक्षरं उमटली:

'आबा, बसा. वाचायला सुरुवात करा.'

माझी बायको सोजर ताडकन उभी राहिली. "अनी!" एवढंच म्हणाली आणि खाली कोसळली.

त्या ओळीचं सांगायला हवं. मी आयुष्यभर कारखान्यात ओझी उचलली. अक्षरओळख झाली ती निवृत्तीनंतर, अनिरुद्धच्या कॉम्प्युटरवर. माझी नजर अधू, म्हणून त्याने पडद्यावरचा कागद निळा केला, अक्षरं पिवळी आणि मोठी केली. लिहायचा प्रोग्रॅम उघडला की पहिली तीच ओळ दिसायची. ती आमच्या घराबाहेर कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मग महाराजांना कशी कळली? लबाडी आहे हे मला कळत होतं. कशी आहे ते सांगता येत नव्हतं. आणि ते सांगता येत नाही तोवर माझं कोण ऐकणार?

"सोजर, माझ्या बापाने छप्पन साली धम्म घेतला आणि देव्हारा उचलून मुठा नदीत सोडला," मी घरी म्हणालो. "त्या घरातून तू बुवाकडे जातेस?"

"मी देव कुठे म्हणतेय, अहो? मी माझा मुलगा म्हणतेय."



एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. सोजरला जुना मधुमेह. रोज इन्सुलिन. महाराजांनी तिला समोर बसवून सांगितलं, "माउली, सुई टोचलेल्या देहाजवळ सूक्ष्म लहरी टिकत नाहीत. मुलगा हवा की सुई हवी, तुम्ही ठरवा." सोजरने त्याच दिवशी सुया बंद केल्या. दिवाळीला तिच्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. तो भरेना.

माझी मुलगी चैताली लोणी काळभोरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. ती दर रविवारी येई आणि दोघींची जुंपे.

"आई, निदान साखर तपासू दे."

"बोटाला सुई लावू नकोस. अनी जाईल."

"आई, दादा गेलाय."

"तू मास्तरीण असशील कॉलेजात. घरात शिकवू नकोस."

मग एका गुरुवारी हॉलमध्ये मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली, "दिसत नाही हो!" महाराजांचा शिष्य पुढे झाला, काही बटणं दाबली, अक्षरं चांगलीच मोठी झाली. तो शिष्य म्हणजे संतोष. अनिरुद्धच्या कंपनीतला, त्याच्याच शेजारी बसणारा इंजिनिअर. आमच्या घरी जेवून गेलेला.

दुसऱ्या दिवशी मी घरचा कॉम्प्युटर उघडला. तिथेही अक्षरं तेवढीच मोठी! एका ओळीत चार शब्द मावेनात. मी चैतालीला फोन केला.

"तुम्ही कुठलं बटण दाबलंत, आबा?"

"मी वाचायला बसलोय गं, दाबायला नाही."

मग ती म्हणाली, "काल हॉलमध्ये कोणी अक्षरं मोठी केली का?"

रविवारी तिने मला समजावलं. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या मालकाच्या सवयी एका छोट्या फायलीत ठेवतो. अक्षरांचा रंग, आकार, पहिली ओळ, सगळं त्यात. अनिरुद्धचे तीन कॉम्प्युटर होते. प्रत्येकावर तेच पुन्हा करत बसायला नको, म्हणून त्याने त्या फायली इंटरनेटवर भाड्याच्या जागेत ठेवल्या आणि तिन्ही मशीनना तिकडे बघायला सांगितलं. एकीकडे बदल केला की सगळीकडे तोच. कारखान्याच्या भोंग्यावर वस्तीतली सगळी घड्याळं लावायचे, तसं. ज्याच्याकडे पासवर्ड, तो चौथं मशीनही त्या भोंग्याला जोडू शकतो. आतल्या खोलीत, आरतीच्या वेळात.

"पण भोंगा आपल्यालाही वाजवता येतो," चैताली म्हणाली आणि अनिरुद्धच्या खुर्चीत बसली.

गुरुवारी आम्ही तिघेही गेलो. सोजर लंगडत होती. खोकं फुटलं, शुद्धी झाली, आरती झाली. महाराज भिंतीकडे पाठ करून, हात पसरून उभे राहिले. "ये बाळा! आईला दर्शन दे!"

भिंत निळी झाली. अक्षरं या वेळी लाल होती.

हॉलमधून हुंकार उठला. महाराजांनी मान वळवली, क्षणभर थबकले आणि सावरले. "लाल! लेकरू रागावलंय! कोणाच्या तरी मनात शंका आहे!"

"महाराज, खाली लिहिलंय ते तरी वाचा," चैताली म्हणाली.

त्यांनी वाचलं, पण मोठ्याने नाही. मग मी उठलो. मला भराभर वाचता येत नाही. बोट पुढे धरून एकेक शब्द वाचला:

'आई, इन्सुलिन घे. हे अनिरुद्धने नाही, मी चैतालीने लिहिलंय. रविवारी, आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर बसून.'

महाराज म्हणाले, "दुष्ट शक्ती लहरींत शिरली!" पण अनिरुद्धच्याच कंपनीतली एक मुलगी उठून संतोषला विचारत होती, "तुझ्याकडे पासवर्ड होता ना?" त्याने मान खाली घातली. "काकूंना बरं वाटेल म्हणून दिला," तो म्हणाला. बरं वाटेल म्हणून! त्या हॉलमधल्या निम्म्या लोकांना अशा फायली कशा चालतात हे ठाऊक होतं. रोजचंच काम त्यांचं. ऑफिसात जे समजत होतं, ते चपलांबरोबर दारात काढून ते आत बसले होते. मला अजून त्याची लाज वाटते. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस फसला असता तर एवढी वाटली नसती.

रिक्षात सोजर पदराने तोंड झाकून बसली होती. घरी येऊन तिने फ्रिज उघडला, सुई काढली आणि चैतालीच्या हातात दिली.

"आता विहारात कुठल्या तोंडाने जाऊ गं?" ती म्हणाली.

"याच तोंडाने जा, आई."

ती गेली नाही. लाजेने शेजारी जाणंही तिने सोडलं. तिला फसवणारा मात्र पुढच्याच महिन्यात दुसऱ्या उपनगरात मंडप घालून बसला.

म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो. यंत्रात नवल दिसलं तर नमस्कार करण्याआधी विचारा: हे कुठून आलं, किल्ली कोणाकडे आहे, आणि आतल्या खोलीत काय होतं? उत्तर येत नसेल तर येईपर्यंत विचारा. आणि कोणी औषध सोडायला सांगितलं, तर विचारतही बसू नका. उठून चालू लागा.

सुया पुन्हा सुरू झाल्या तोवर सोजरच्या अंगठ्याची जखम पायभर पसरली होती. डॉक्टरांनी पाय कापला, पण विष रक्तात भिनलं होतं. माझी बायको सोजरबाई १९ जानेवारी २०१० रोजी, मंगळवारी सकाळी, पुण्यात वारली.