खिळ्यावरचा बायोडाटा

मी एक जुना बायोडाटा आहे. नोकरी मागायला जाताना माणूस स्वतःबद्दल जे लिहून नेतो, तो कागद. मित्रांनो, मला माझी हकिकत सांगायची आहे आणि मला सांगण्याची एकच रीत येते, रकान्यांची. तेव्हा रकान्यांतच सांगतो. मध्येच एखादा रकाना मोडला तर समजून घ्या. हेवा वाटू लागला की मला ओळीत राहणे जमत नाही.

नाव: चंपतराव ढोके.

हे माझे नाव नव्हे. ज्याच्यासाठी मला टाइप केले, त्याचे आहे. मला निराळे नाव कोणी ठेवले नाही.

जन्म: १९६६, सीताबर्डी, नागपूर. दत्तोपंतांच्या टायपिंगच्या दुकानात.

आम्ही जुळे. वर एक पांढरा कागद होता, खाली मी, आणि आमच्या मध्ये निळा कार्बन. मशीनचा प्रत्येक ठोका आधी त्याला बसला आणि मग त्याच्यातून पाझरून मला. तो काळाभोर आणि ठसठशीत निघाला. मी निळसर, जरा धुरकट. चंपतरावांनी त्याला पाकिटात घातले, त्याच्यावर सही केली आणि कन्हानच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात नेले. मला दत्तोपंतांनी खणात टाकले.

तिथूनच माझा हेवा सुरू होतो. रकाना कुठलाही असो, तो त्यात शिरतोच.

चंपतरावांना नोकरी लागली. ते पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "पंत, तुमचा कागद लय पायगुणाचा निघाला गा."

पायगुण माझ्या भावाचा होता, पण तो खाणीच्या फायलीत गेला होता. म्हणून दत्तोपंतांनी मला खणातून काढले, पुठ्ठ्यावर चिमट्याने लावले आणि मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगले. दसऱ्याला मशीनला कुंकू लावत, तेव्हा बोटाला उरलेले माझ्या कोपऱ्याला पुसत. माझा मान तेवढाच.

शिक्षण: चंपतरावांचे. छंद: चंपतरावांचा, टपालाची तिकिटे जमवणे. त्यांचे मामा पोस्टात होते, त्यामुळे ते खरेच जमवत. वडील: कैलासवासी. संदर्भ: रामटेकचे एक प्रिन्सिपल, ते चंपतरावांना लहानपणापासून ओळखत.

अनुभव: नक्कल होणे.

त्यानंतर दुकानात जो येई तो माझ्याकडे बोट दाखवी. "पंत, तसाच पायजे." आणि दत्तोपंत तसाच करून देत. नाव बदलत, पत्ता बदलत, बाकी माझ्याकडे बघून उतरवत. छंदाला हात लावायचा नाही, पायगुण जाईल. संदर्भाला तर नाहीच, प्रिन्सिपल मोठा माणूस. माझ्यापासून किती कागद निघाले ते मला सांगता येणार नाही. प्रत्येक कागद कोरा करकरीत येई, माझे शब्द अंगावर घेई आणि कोणाच्या तरी खिशात बसून निघून जाई. बँकेत, गिरणीत, सचिवालयात. मी खिळ्यावर. शब्द माझे आणि सायकलवर बसून जाणार ते. मित्रांनो, तुमची चित्रकलेची वही दुसऱ्याने पाहून काढली आणि बक्षीस त्याला मिळाले, तर तुम्हाला कसे वाटेल? मला रोज तसे वाटे. कोणी नापास होऊन परत आला की मला थोडे बरे वाटे. हेही सांगून टाकतो.

भाषा: (हा रकाना नंतर.)

एका सकाळी एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस दुकानात आला. मागे मान खाली घातलेला त्याचा मुलगा, कवडू. कवडूने महिन्याभरापूर्वी माझी नक्कल नेली होती.

"जयभीम, पंत. मी धोंडबा. इंदोऱ्याचा."

"या, बसा. कोण धोंडबा?"

"तोच. ज्याले तुम्ही मारलं."

दत्तोपंतांचे हात मशीनवरच थांबले.

"माह्या पोराच्या कागदावर मी मेलो हाय," धोंडबा बाकावर बसत म्हणाला. "साहेबानं याले इचारलं, वडील कधी गेले? हा काय म्हणते, आत्ताच गेले, फाटकाशी चहा पिऊन."

"नमुन्यात तसंच होतं हो," दत्तोपंत म्हणाले.

"नमुन्याचा बाप मेला असंन. माहा नाई."

दत्तोपंतांनी कवडूकडे पाहिले. "आणि बाकी काय विचारलं रे?"

"साहेब म्हणे, सकाळपासून तिकिटं जमवणारे तीन आले, तुम्ही चौथे. नागपुरात काही साथ आली का?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, मी बसचे जमवतो."

धोंडबाच हसला, पण मुलाला नोकरी मिळाली नव्हती. मला मात्र त्या हुकलेल्या कागदाचाही हेवा वाटला. तो आत गेला होता. साहेबांनी त्याच्यावर बोट ठेवून प्रश्न विचारले होते. माझ्यावर बोट ठेवून आजवर कोणी काही विचारले नव्हते, फक्त उतरवून घेतले होते.

त्या दिवसापासून दत्तोपंत वडील आहेत की नाहीत ते विचारून घेऊ लागले. तिकिटे तशीच राहिली.

अनुभव (पुढे चालू): १९७८.

धोंडबाची मुलगी प्रेमिला आली. सोबत शेजारची बायजाबाई, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बाकावर बसली. सरकारने प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढले होते. रामटेककडच्या गावांतल्या वर्गांवर देखरेख करायला पर्यवेक्षिका हवी होती. प्रेमिलाच्या वयाची अट त्याच महिन्यात संपत होती. यंदा जमले नाही, तर तो दरवाजा तिच्यापुरता बंद.

"काका, बायोडाटा करून द्या. तिकिटं नको."

"वडील?"

"आहेत. भावाच्या कागदावरून परत आणले."

दत्तोपंत ओशाळून हसले. त्यांनी मला खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवले आणि मशीनमध्ये कागद चढवला. नाव झाले, शिक्षण झाले.

"अनुभव?"

"नाई."

"काहीच नाही?"

"नोकरी केली असती तं अनुभव राह्यला असता. नोकरी मागालेच तर आली."

"मग 'नाही' असं टाकतो." त्यांनी बोट उचलले.

"काय टाकून राहिले ते?" बायजाबाईने विचारले.

"अनुभव नाही, असं."

"काहून गा? रोज सांजच्याले विहारात आम्हाले शिकवते, ते काय हाय मंग?"

प्रेमिला दबल्या आवाजात म्हणाली, "मावशी, त्याचा पगार नाई भेटत. त्याले अनुभव नाई म्हणत."

"पगार नाई भेटला म्हणून मी शिकली नाई का वं?"

दत्तोपंतांनी चढवलेला कागद काढला. कच्चे लिहायला कोरा कपटा शोधला, सापडला नाही. त्या दिवसांत कागदाची टंचाईच होती. मग त्यांनी हाताशी पडलेल्या मला चिमट्यातून सोडवून उलटे केले आणि माझ्या पाठीवर पेन्सिल टेकवली.

मला राग आला. इतकी वर्षे पायगुणाचा म्हणून टांगलेला मी, आणि आता दुसऱ्या कोणाच्या कच्च्या कामासाठी पाठ द्यायची! पक्का कागद गोरापान होऊन रामटेकला जाणार आणि मी खाली ओणवा.

दत्तोपंतांनी मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहिले. काय करता? कोणासाठी? कधीपासून? त्याने काय बदलले? एकेक उत्तर प्रेमिला लाजत सांगू लागली आणि मग लाजायचे विसरली. बुद्धविहारातला वर्ग, बिड्या वळून येणाऱ्या बाया, खडू संपला की कोळशाने लिहिणे, रेशनच्या दुकानात अंगठा नाकारून पेन मागणारी पहिली बाई. माझी पाठ भरत गेली. पोटावर इतकी वर्षे जे होते, त्यात असे काही नव्हते.

शेवटचा प्रश्न होता, हे खरे आहे असे कोण सांगेल?

"रामटेकच्या प्रिन्सिपलचं नाव देतो मी सगळ्यांना," दत्तोपंत म्हणाले.

"तो मले ओळखते का?"

"नाही."

"मंग तो काय सांगन?"

विहाराचे काम बघणारे देवाजी मास्तर तिला ओळखत. त्यांचे नाव लिहिले गेले. बायजाबाई पिशवी बाजूला ठेवून उठली.

"मी सांगीन ना. सही पायजे तं सही घ्या."

तिने पेन्सिल मुठीत धरली, जीभ दातांत धरली आणि माझ्यावर वाकली. बा. मग य. मध्ये थांबून तिने प्रेमिलाकडे पाहिले. जा. बा. ई. इतक्या जोराने लिहिले की पलीकडे, बरोबर चंपतरावांच्या छंदावर, अक्षरांचे फुगवटे उमटले.

मित्रांनो, इथे माझा रकाना पुरता मोडतो. माझ्या पुढच्या अंगावर जे काही होते, ते दुसऱ्या कागदातून गळून आलेले होते. माणसाने थेट माझ्यावर काही लिहावे, ही पहिलीच वेळ होती.

भाषा: पुढून इंग्रजी. मागून मराठी.

प्रेमिलाचा पक्का कागद टाइप झाला. एका पानात सगळे बसले. तिकिटे नाहीत, प्रिन्सिपल नाही, न केलेले काही नाही आणि केलेले काही गाळलेले नाही. तो गेला. मी बघत राहिलो.

दिवाळीनंतर ती संत्री घेऊन आली. नोकरी मिळाली होती.

"काय विचारलं गं तिथे?"

"जे लिहिलं तेच. म्या सांगत राह्यली, साहेबाचा चहा निवून गेला."

दत्तोपंतांनी खणातून तिच्या बायोडाट्याची कार्बन प्रत काढली. "आता ही टांगतो. हा जुना फाडून टाकतो."

मी ऐकले. बारा वर्षे निघून जाणाऱ्यांचा हेवा केला आणि आता माझीच जागा जाणार होती, तीही एका धुरकट, दुसऱ्या प्रतीला. माझ्यासारख्याच एकीला.

"नका टांगू, काका," प्रेमिला म्हणाली. "उद्या शंभर पोरी विहारात शिकवाले लागतीन. कागदावर."

दत्तोपंत हसले. तिने आपली प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग मला उचलले, उलटे केले आणि रबर घेऊन आपली उत्तरे पुसली. सगळी. दत्तोपंतांचे प्रश्न तेवढे ठेवले, त्यांच्यासमोरची जागा कोरी केली. बायजाबाईच्या सहीपाशी तिचा हात थांबला. ती तिने तशीच सोडली. पुठ्ठ्यावर मला तसेच लावले, पाठ पुढे करून, आणि खिळ्याला टांगले.

सध्याचा पत्ता: तोच खिळा. तोंड भिंतीकडे.

आता जो येतो तो म्हणतो, "पंत, तसाच पायजे." दत्तोपंत मान हलवतात. "तसा नाही मिळत. वाचा आणि तुमचं सांगा." मग तो माणूस प्रश्न वाचतो, डोके खाजवतो, आणि कधी कधी बराच वेळ त्या वाकड्या सहीकडे बघत राहतो.

मला ते दिसत नाही. मला फक्त पुठ्ठा दिसतो आणि मागून आवाज ऐकू येतात. मित्रांनो, तुमच्यावर कधी स्वतःबद्दल लिहायची वेळ आली, तर माझे पोट पाहू नका. ते कोणाचेही असू शकते. तुम्ही काय केलेत तेवढे लिहा, पगार मिळो न मिळो, आणि ते ज्याने पाहिले त्या माणसाला विचारून त्याचे नाव द्या. आणि एखादा जुना कागद फाडायच्या आधी एकदा उलटून बघा.

माझ्या जुळ्या भावाचा हेवा आता सुटला. नकलांचाही सुटला. एकच उरला आहे आणि तो जाईल असे वाटत नाही. मला माझ्याच पाठीचा हेवा वाटतो.

सही: मागे आहे.