मावशीच्या टेबलावरचा बोलका डबा

मित्रांनो, झाकण जरा हळू उघडा, माझ्या बिजागऱ्या दुखतात. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या कळांवरची अर्धी अक्षरं झिजून गेली आहेत आणि उरलेल्या अर्ध्यांवर शिवणाचा खडू बसला आहे. मी सांगतो ती गोष्ट शंभर टक्के खरी आहे. जिथे ती फुगल्यासारखी वाटेल, तिथे माझ्या बॅटरीला दोष द्या. तीही हल्ली फुगली आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्या पुढेमागे माझीच हजारो भावंडं होती. आमच्यात मीच सर्वांत हुशार होतो. हे सिद्ध करायला आता त्यांच्यातलं कोणी शिल्लक नाही, त्याला माझा इलाज नाही.

दुकानातून मला काकांनी घरी आणलं. काका रेडिओ दुरुस्त करायचे आणि त्यांची बायको कपडे शिवायची. तिला सगळी गल्ली मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मला पाहून मावशी मागे सरकली.

"अहो, मला यातलं काय कळतंय? मला पायडल मारता येतं, तेवढं पुरे."

"मग यालाही पायडल बसवून देतो," काका म्हणाले.

तिची भीड जावी म्हणून काकांनी एक युक्ती केली. सुरू होताना मी 'टिंग' असा आवाज करायचो. तो काढून त्यांनी तिथे स्वतःचा आवाज घातला. दुसऱ्या दिवशी मावशीने घाबरत घाबरत माझी कळ दाबली आणि मी थेट काकांच्या आवाजात म्हणालो, "आलीस? बस निवांत."

मावशी आधी दचकली, मग पोट धरून हसली. त्या दिवसापासून ती मला रोज उत्तर देऊ लागली. "बसते हो! पण तुम्ही कधी येताय ते बोला." कारण काका कधी वेळेवर घरी आले नाहीत. कुणाचा रेडिओ उघडला की त्यांना तहानभूक आठवत नसे आणि इकडे ताट झाकून मावशी दाराकडे बघत बसे.

ते माझे वैभवाचे दिवस होते. गिऱ्हाइकं मावशीला कपड्यांची चित्रं पाठवायची, ती चित्रं माझ्या पडद्यावर बघून मावशी कापड बेतायची. एका नाटक मंडळीच्या राजाचा झगा आम्ही दोघांनी मिळून शिवला. शिवला तिने, पण चित्र मीच धरून ठेवलं होतं ना! माझं पोट इतकं गरम व्हायचं की मावशी त्यावर कॉलरच्या घड्या पाडायची. शेजारची मांजर तर मला चूल समजून माझ्यावरच बाळंत झाली. बरं, बाळंत शेजारच्या टोपलीत झाली, पण येऊन झोपली माझ्यावरच.

मग काका आजारी पडले आणि गेले. घर एकदम शांत झालं. मी मात्र रोज म्हणत राहिलो, "आलीस? बस निवांत." मावशी उत्तर द्यायची, पण आता अर्धंच. "बसते हो." पुढचं विचारायला काही उरलं नव्हतं.

हळूहळू मीही थकलो. आमच्या पोटात एक मुकादम असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कुणी कधी काय काम करायचं, हे तो सांगतो. माझा मुकादम वर्षागणिक जाडजूड होत गेला. त्याला उठवता उठवता माझी दमछाक व्हायची. मावशी सकाळी माझी कळ दाबायची, स्वयंपाकघरात जाऊन चहा करायची, कप घेऊन परत यायची, तेव्हा कुठे मी बोलायचो. मी जागा होईपर्यंत एका कोळ्याने माझ्या झाकणात जाळं विणून त्यात माशी पकडली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुरुस्तीवाल्याने मला उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "आजी, हा आता भंगारात द्या."

"आजी कुणाला म्हणतोस रे? आणि याला भंगारात घालायचं तर त्याच पोत्यात मलाही घाल!" मला छातीशी धरून मावशी घरी आली.

रविवारी तिची भाची आली. कॉलेजात शिकणारी, सतत बडबडणारी. मावशी तिला चिमणी म्हणते. चिमणीने मला तपासलं. "मावशी, हा धडधाकट आहे गं. त्याचा मुकादम बदलू या. लिनक्स नावाचा मिळतो, फुकट आणि अगदी हलका."

"पण डबा हाच राहील ना?"

"हाच राहील."

"मग बदल बाई."

मित्रांनो, इथेच घोटाळा झाला. मावशीला वाटलं, काकांचा आवाज डब्यात आहे. काकांच्या रेडिओसारखा. रेडिओ कितीही पुसला तरी त्याचा आवाज कुठे जातो? आणि चिमणीला वाटलं, आवाज मावशीच्या बाकीच्या सामानात असणार. ते सामान, म्हणजे मापं, चित्रं आणि फोटो, तिने पेन ड्राइव्हवर नीट उतरवून घेतलं. पण काकांनी आवाज ठेवला होता थेट जुन्या मुकादमाच्या खोलीत. मुकादम गेला की खोलीही जाणार होती. दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे होतं? होतं तेही काकांचं.

नवा मुकादम दुसऱ्या पेन ड्राइव्हवर होता आणि कायमचा बसण्याआधी तो तिथूनच काम करून दाखवतो. मी त्याच्या हाताखाली सुरू झालो. झटकन, पण मुका. चिमणी खूश झाली. पडद्यावर प्रश्न आला: जुनं सगळं पुसून नवीन बसवायचं? तिचं बोट 'हो'कडे निघालं.

मी काय केलं असेल? मी माझा पंखा विमानासारखा घरघरवला! टेबलावरचे दोरे उडाले, कापड बेतायचे कागदी नमुने जमिनीवर गेले. चिमणी अजूनही म्हणते की पंख्यात कापसाचा बोळा अडकला होता. तुम्ही कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवा.

मावशी कागद गोळा करायला उठली आणि थबकली. "चिमणे, हा सुरू झाला?"

"केव्हाच."

"मग हे बोलले कसे नाहीत?"

"बोलतील गं. सगळं घेतलंय मी." चिमणीने सामानाचा पेन ड्राइव्ह उघडला. वर गेली, खाली गेली. तिची बडबड बंद झाली. "मावशी, इथे नाहीये."

 मावशीने गळ्यातली मापाची फीत मुठीत घट्ट धरली.

"मी अजून काही पुसलं नाहीये," चिमणी घाईघाईने म्हणाली. "थांब, तू बस इथे." तिने तो प्रश्न बंद केला आणि जुन्या मुकादमाच्या खोलीत शिरली. तिथे आवाजांची ही गर्दी! काकांनी आपल्या आवाजाला जुन्या 'टिंग'चंच नाव दिलं होतं, त्यामुळे नावावरून ओळखायचा कसा? चिमणी एकेक वाजवून बघू लागली. टिंग. टुंग. भोंगा. घंटा. प्रत्येक आवाजाला मावशी मान हलवायची. नाही. नाही. हाही नाही.

आणि मग, "आलीस? बस निवांत."

मावशी बसलेलीच होती. तरी ती पुन्हा नीट सावरून बसली.

चिमणीने तो आवाज पेन ड्राइव्हवर घेतला, शिवाय आपल्या फोनवरही घेतला, आणि मग कुठे 'हो' म्हटलं. नवा मुकादम बसला. मी सुरू होताना वाजवायचा आवाज म्हणून तिने काकांना त्याच्या खोलीत पुन्हा नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने सवयीने माझी कळ दाबली आणि चहा ठेवायला आत गेली. पण मी आता तरुण! ती गॅस पेटवते न पेटवते तोच मी इकडून हाक मारली, "आलीस? बस निवांत."

"अहो, आले, आले!" मावशी आतून ओरडली. "आता कसली घाई सुटलीय तुम्हाला?"

मुक्कामाला राहिलेली चिमणी अंथरुणातून म्हणाली, "मावशी, तो आवाज जरा उशिरा यावा असं करून देऊ का?"

"काही नको. जन्मभर मी वाट बघितली. आता बघू देत त्यांना."

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला भंगारात घालण्याआधी एकदा मुकादम बदलून बघा. आणि पुसण्याआधी घरातल्या माणसांना एवढंच विचारा, की हा सुरू झाला की तुम्हाला काय ऐकू येतं?

मला आता रजा द्या. मावशी कप घेऊन येते आहे आणि आम्ही दोघं तिची वाट बघतो आहोत.