जागेची शर्यत

"बदला!" अल्मुट मोटरबोटीतून ओरडली.

तळ्याच्या मधोमध चौघींच्या दोन नावा एकमेकींना चिकटून थांबल्या होत्या. वीबके आणि येट्टे मोज्यांवरच उठल्या, तोल सावरत एकमेकींच्या नावेत गेल्या आणि पायांचे पट्टे आवळू लागल्या. कुमारी संघात जागा एकच उरली होती. पहिल्या फेरीत वीबकेची नाव अर्ध्या लांबीने जिंकली होती. आता दोन्हीकडच्या तिघी त्याच, फक्त या दोघींची अदलाबदल. जिच्या येण्याने नाव मागे पडेल, ती घरी. अल्मुट तीस वर्षं अशाच शर्यतींवरून मुली निवडत आली होती.

शेजारी गेझीने नावाची तिची जुनी मैत्रीण बसली होती, मांडीवर स्ट्रॉबेरीच्या केकचा डबा घेऊन. तरुणपणी दोघी याच क्लबात वल्हवायच्या. आज क्लबच्या मेजवानीसाठी ती कील शहरातून आली होती, आणि आल्यापासून तिच्या तोंडाला खळ नव्हता.

नावा सुटल्या. शंभर मीटरमध्येच येट्टेची नाव मागे पडू लागली. अल्मुटची नजर घड्याळावर होती.

"घड्याळ काय बघतेस? पाणी बघ," गेझीने हसली. "या पोरी आमच्याच वळणाच्या गं!"

अल्मुटने पाहिलं. येट्टेचं वल्हं उठलं की मागे खोल, काळा भोवरा फिरत राहायचा. बाकी तिघींच्या वल्ह्यांमागे नुसता फेस येई आणि विरून जाई. तिघीही वीबकेच्या वसतिगृहातल्या खोलीतल्या मैत्रिणी होत्या.

"आमच्याच म्हणजे?"

"अगं, सत्याऐंशी सालची तुझी शर्यत! आम्हा तिघींना तुझ्याऐवजी केर्स्टिन हवी होती. तू आमच्या नावेत आलीस आणि आम्ही नुसतं ओढल्यासारखं केलं." गेझीनेचं हसू ओसरलं. "तुला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, केव्हाच कळलं असेल."

त्या दिवशी अल्मुट दोन लांबींनी हरली होती. बाराव्या वर्षापासून तळहाताची साल काढून कमावलेलं सगळं साडेतीन मिनिटांत गेलं. प्रशिक्षक म्हणाले होते, "पाणी खोटं बोलत नाही." तिने ते खरं मानलं. एकविसाव्या वर्षी वल्हं ठेवलं ते कायमचं, आणि आपल्यातच काही कमी आहे असं समजून उभा जन्म काढला. तेच वाक्य तिने पुढे किती मुलींना ऐकवलं याची मोजदाद नव्हती.

"इतक्या वर्षांनी काय त्याचं," गेझीने म्हणाली आणि डब्याचं झाकण पुन्हा घट्ट बसवू लागली.

येट्टेची नाव दोन लांबींनी हरली. मोटरबोट जवळ गेली तेव्हा ती वल्ह्यावर ओणवी होऊन धापा टाकत होती. मागच्या तिघींना धड घामही फुटला नव्हता.

"बाई, मी जीव तोडून ओढलं. नाव हलतच नव्हती. पुन्हा एकदा घ्या ना."

तोंडातून एक शब्द काढायचा अवकाश होता. 'मी पाहिलं' म्हटलं असतं तरी पुरे होतं. गेझीने तिच्याकडे बघत होती. पण या पोरीला न्याय मिळायचा, तर मग मला का नाही? छत्तीस वर्षांपूर्वीच्या वड्याचं तेल आज वांग्यावर निघालं.

"पाणी खोटं बोलत नाही, येट्टे," ती म्हणाली. "वीबके संघात."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. येट्टेने मनगटाने नाक पुसलं. ती शहाणी मुलगी होती, तिने वाद घातला नाही.

"बाई, तुम्हीही अशीच शर्यत हरला होतात म्हणे. मग पुढे काय केलंत?"

"प्रशिक्षक झाले," अल्मुट म्हणाली, आणि घड्याळ शून्यावर आणून तिने पुढच्या संघाच्या दोघींना बोलावलं.