आठ नावांच्या काचा

रक्ताच्या पाचव्या काचेवरही केळ्याच्या आकाराचे परजीवी दिसले, तेव्हा निवेदिताने खुर्ची मागे सरकवली. पालमजवळच्या या आरोग्य केंद्राची प्रयोगशाळा ती चार वर्षं सांभाळत होती. साधा मलेरिया तिने फार तर सहादा पाहिला होता. मेंदूपर्यंत जाणारा हा फॅल्सिपेरम एकदाही नाही. एकाच वाडीच्या आठही काचा तशाच निघाल्या.

रक्त घेऊन आला होता आरोग्यसेवक बालाजी.

"उद्या जाऊ की मॅडम, लोक रानात असतील," तो म्हणाला. पण ती तपासणीचं किट आणि गोळ्या घेऊन त्याच्या मोटरसायकलवर बसलीसुद्धा.

पहिलं नाव दिनकररावांचं. ते ओट्यावर भाकरी खात होते.

"ताप कधीपासून आहे, काका?"

"कुणाला?"

"तुम्हाला. परवा रक्त दिलंत ना?"

"परवा मी लेकीकडं गंगाखेडला होतो. आजारी पाडायलात तर निदान इचारून तरी पाडा, ताई."

तरी तिने थेंब घेतला. पंधरा मिनिटांनी किटवर एकच रेघ. म्हणजे मलेरिया नाही. पुढच्या दोन घरांतही एकच रेघ, आणि तिथेही कुणाला टोचलं नव्हतं. निवेदिताला काचा आठवल्या. आठही काचांवर परजीवींची दाटी अगदी सारखी होती, एकाच माणसाचं रक्त असल्यासारखी.

"बालाजीराव, हे रक्त कुणाचं आहे?"

तो हँडलचं रबर नखाने खरवडत राहिला. "महिन्याच्या नमुन्यांचा आकडा भरायचा होता, मॅडम..."

"ते विचारलं नाही मी. हे ज्याचं आहे, तो औषधावाचून मरेल."

"घरचंच हाय. बायकोचं, राजेश्रीचं. आकडा कमी पडला की तिचंच घेतो. तिला काही झालेलं न्हाई. गडचिरोलीहून भावाकडून आली, प्रवासानं जरा थंडी वाजायली..."

'थंडी' हा आपलाच शब्द ऐकून तो थांबला.

बालाजीच्या घरी भर दुपारी राजेश्री दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती. किट दिसताच तिने सवयीने बोट पुढे केलं.

"आज कितीजणांचं हाय?"

"एकीचंच," निवेदिता म्हणाली. "तुमचं."

दुसरी रेघ लगेच उमटली. निवेदिताने गोळ्या काढल्या, रुग्णवाहिकेला फोन लावला आणि बालाजीला पाणी आणायला सांगितलं. तो आपल्याच घरात वाट चुकल्यासारखा उभा होता.

"माठ चुलीपाशी हाय," राजेश्रीने गोधडीतून सांगितलं.