काठ न सोडणारा रंग

रंगाऱ्याच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाला त्याची थोरली बहीण आली नाही. तिचं घर नदीच्या त्याच काठाला, त्याच्यापासून अर्ध्या कोसावर, खालच्या अंगाला. तिचं एकच म्हणणं होतं, "तू कापड खळबळतोस ते पाणी माझ्या घागरीत येतं. ते आधी थांबव, मग आमंत्रण दे."

रंगारी ते हसण्यावारी न्यायचा. "ताई, नदी केवढी आणि माझं पातेलं केवढं! तुझ्यापर्यंत येईतो थेंबाचाही पत्ता लागत नाही."

ताईच्या तक्रारीवरून पाणीखात्याच्या बाई आल्या, होडीतून जाऊन त्यांनी नदीच्या मध्यावरचं पाणी तपासलं. ते स्वच्छ निघालं. मग तर गडी हवेतच गेला.

बाईंचं मात्र समाधान होईना. एका सकाळी त्या अपाय न करणारा हिरवा रंग घेऊन आल्या. "काका, रोज ओतता तिथेच हा ओता."

त्यानं ओतला आणि ताईला खोटं पाडायचंच म्हणून बाईंबरोबर काठाकाठानं चालू लागला. रंग मध्याकडे जाईल, विरेल, अशी त्याची खात्री. पण चादरीएवढा हिरवा पट्टा काठाला चिकटूनच निघाला. पुलाखालून गेला, वळणावर जरा फिकटला, तरी काठ सोडीना.

"बाई, हे काय?"

"पाणी पुढे पटकन जातं, काका. आडवं मिसळायला त्याला कित्येक मैल लागतात. मी मध्यावरचं भरत बसले, चूक माझीही आहे."

खालच्या पायऱ्यांवर बहीण घागर घेऊन उभीच होती. पाण्याकडे बघत म्हणाली, "आज हिरवं धाडलंस होय? लग्नाच्या आठवड्यात लाल होतं."

रंगाऱ्याची मान खाली गेली. चाळीस वर्षं रंगात हात घातले, पण पातेलं उपडं केलं की पाठ फिरवायची. पुढे ते पाणी कुठे जातं, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

"ताई, चुकलो."

"ते दिसतंय. उद्यापासून काय करणार?"

दुसऱ्या दिवसापासून तो ओलं कापड आणि पातेल्यातलं उरलेलं पाणी हातगाडीवर लादून, खळबळायला आणि ओतायला, नदीच्या खालच्या अंगाला वस्तीच्या पार पलीकडे नेऊ लागला. पुढे कोणीच पाणी भरत नाही, अशी जागा बाईंनी दाखवून दिली होती. ढकलताना कंबरडं मोडायचं. वाटेत बहीण चहाचा कप हातात द्यायची आणि म्हणायची, "चाकाला तेल घाल रे, सगळी गल्ली जागी करतोस."

थोरली बहीण त्यानंतर सहा वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, म्हातारपणानं गेली. रंगारी तिच्यामागून दोन वर्षांनी गेला.