संडासाच्या दाराची बिजागरी आणि न्ताते मोखेले यांचा तारा

मित्रांनो, मी एक जुनी बिजागरी आहे. कुठल्या दाराची ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको. संडासाच्या. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या लेसोथोच्या डोंगरात, मोखोत्लोंगच्या बाजूला, न्ताते मोखेले (आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला न्ताते म्हणतात) यांच्या घरामागे पत्र्याची एक खोली आहे. तिचं दार माझ्या जुळ्या बहिणीने आणि मी मिळून पेललं. ती खाली, मी वर.

माझं बालपण छोटं होतं. लोखंडाच्या दोन पट्ट्या, मधे एक सळई, झालं. पुढे वारा, बर्फ आणि माणसं सोसली. कौतुक कोणी केलं नाही. संडासातून बाहेर पडणारा माणूस बिजागरीचं कौतुक करत नाही, आणि आत जाणाऱ्याला तेवढा वेळ नसतो.

मग पुलेंगने घरातलं प्रत्येक दार हलवून पाहिलं. ही मोखेलेंची थोरली. गावात मोबाईल दुरुस्त करते. सगळ्या बिजागऱ्या खुळखुळत होत्या, मी सोडून. तिने मला उपटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी निवड झाली होती. दार बहिणीच्या एकटीच्या खांद्यावर लोंबकळत राहिलं.

या उपटण्यामागे पुलेंगच्या वडिलांचे डोळे होते. न्ताते मोखेले लहानपणी डोंगरमाथ्यावरच्या गोठ्यावर एकटे गुरं राखायचे. आकाशातल्या त्रिशंकूच्या जवळ एक तारा आहे, ते सांगायचे, पण तो इतरांसारखा ठिपका नाही, कोणीतरी मूठभर पीठ फुंकल्यासारखा दिसतो. गाव हसायचं. तुझे डोळे तेव्हापासूनच गेलेत, म्हणायचं. आता डोळे खरंच चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलेली नजर नांगरणीच्या दिवसांपर्यंत टिकली तर टिकली. आकाश त्यांना दिसेनासं झालं होतं, पण उजळलेला पडदा नाकाशी धरला तर दिसायचा. पुलेंगने ठरवलं, तो तारा पडद्यावर आणायचा. नजर जायच्या आत.

तिच्याकडे एका लग्नाच्या फोटोग्राफरने टाकून दिलेला कॅमेरा होता आणि निवृत्त शिक्षिकेने दिलेली छोटी दुर्बीण. अडचण एकच. अंधुक गोष्टीचा फोटो काढायला कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात आकाश पुढे सरकतं. म्हणून तिने दोन फळ्या मला लावून जोडल्या. खालची फळी स्थिर. वरच्या फळीवर दुर्बीण आणि कॅमेरा. मधे एक लांब स्क्रू. तो हळूहळू फिरवला की वरची फळी उघडत जाते आणि दुर्बीण ताऱ्यांच्या मागे मागे जाते. हे सगळं ती एका व्हिडिओवरून शिकली. त्यातला उत्तरेकडच्या देशातला लोकरी टोपीवाला माणूस म्हणाला, ध्रुवाकडे तोंड करा आणि बिजागरी डाव्या हाताला ठेवा. आमच्याकडे ध्रुवतारा दिसतच नाही. पुलेंगने दक्षिणेकडे तोंड केलं आणि मला डाव्या हाताला ठेवलं.

तारे शेवयांसारखे आले.

दुसऱ्या संध्याकाळी तिने श्वास रोखून स्क्रू फिरवला. शेवया. तिसऱ्या संध्याकाळी हातमोजे काढून फिरवला. बोटं निळी, शेवया तशाच. भाऊ सेखोबे पडद्यात डोकावला.

"ताई, हे तारे नाहीत, केस आहेत. बाबांना सांग, न्हाव्याचं दुकान सापडलं."

तिने फळ्या घासल्या, मला तेल घातलं, पुन्हा बसली.

इकडे दार मिटत नव्हतं. आत माणूस आहे हे कळावं म्हणून आतल्याने गायचं असा नियम झाला. शेजारीण लांबलचक भजन धरायची, तेव्हा बाहेरच्यांचे चेहरे पडायचे. पुलेंगची आई, जिला गाव म्मे मापुलेंग, म्हणजे पुलेंगची आईच म्हणतं, इतके दिवस गप्प होती. पण शनिवारी भाच्याचं लग्न होतं.

"अख्खं गाव माझ्या अंगणात येणार," ती म्हणाली. "मी त्यांना गायला लावू? शुक्रवारी बिजागरी जागेवर पाहिजे."

गुरुवारी फोटो चालू असतानाच आईने हाक मारली, पापा ढवळ, म्हणजे चुलीवरची मक्याच्या पिठाची घट्ट लापशी. पुलेंग चुलीकडे पळाली. कॅमेरा नेहमीइतकाच वेळ उघडा राहून आपोआप मिटला, पण स्क्रू कोणी फिरवलाच नाही. परत येऊन तिने फोटो पाहिला. शेवया होत्या, पण निम्म्या लांबीच्या.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. न फिरवता तारे कमी ओढले जात असतील, तर आपण इतके दिवस त्यांच्या मागे जात नव्हतो, त्यांच्यापासून लांब पळत होतो. टोपीवाला उत्तरेला तोंड करून बसतो, आपण दक्षिणेला. त्याच्या समोरचं आकाश एकीकडे फिरतं, आपल्या समोरचं बरोबर उलट. तिने मला उचलून उजव्या हाताला नेलं.

शुक्रवारी अंधार पडताच आम्ही सुरू केलं. म्मे मापुलेंग पाना घेऊन बाजूला उभी होती. पहिला फोटो आला. तारे ठिपके होते. गोल, गप्प ठिपके. पुलेंगने फोटोमागून फोटो काढले, लॅपटॉपवर एकावर एक रचले, आणि बाबांचा तो पिठासारखा तारा, म्हणजे नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा नावाचा तारकागुच्छ, पडदाभर उमलला.

तिने लॅपटॉप वडिलांच्या नाकाशी धरला.

न्ताते मोखेलेंनी पडद्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एवढे?"

"लाखो आहेत, बाबा."

"मी त्याला रोज सांगायचो, आपण दोघंच आहोत रे इथे." ते पडद्याला आणखी चिकटले. "आणि हा तिथे गाव घेऊन बसलेला."

म्मे मापुलेंगने पाना एप्रनच्या खिशात टाकला. आत जाऊन तिने जाड घोंगडी आणली आणि पत्र्याच्या खोलीच्या दाराला टांगली. शनिवारी लग्नाची माणसं गायली. शेजारणीने तीन कडवी घेतली.

त्यानंतर मी दाराला परत गेले नाही. न्ताते विचारतात, अजून काय आहे वर? नजर आहे तोवर सगळं दाखव. आणि पुलेंग दाखवते आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जुन्या वस्तूला तेल घाला. आणि कोणाचं काम जीव ओतूनही वाकडंच येत असेल, तर त्याला भंगारात टाकण्याआधी एकदा दुसऱ्या बाजूला बसवून पाहा. आज आभाळ स्वच्छ आहे. न्ताते अर्धं जेवण टाकून खुर्ची घेऊन बाहेर आलेत. माझ्या सांध्यात तेलाचा थेंब पडला की आम्ही सुरू करतो.