मामाचे दात

मास्तर तिसऱ्यांदा बाकावरून उठले आणि भिंतीवरचा जबड्याचा तक्ता पुन्हा वाचून आले. तक्त्यात मधल्या काळात नवीन काही घडलेलं नव्हतं. बत्तीसच्या बत्तीस दात आपापल्या जागी सरळ उभे होते, आणि असला जबडा ही माणसं आणतात कुठून, हा मास्तरांचा प्रश्नही जागच्या जागी होता.

“बाबा, बसा ना,” ठकी म्हणाली. बोलताना तिचा तळहात तोंडावर होता. हल्ली तो तिथेच मुक्कामाला असे.

“बसलोय की,” मास्तर उभ्या उभ्या म्हणाले.

त्यांचा नंबर एकेचाळीस होता. आत सत्तावीस चालू होता आणि सत्तावीस मधूनमधून ओरडत होता.

मास्तर कपडे शिवत. गल्लीच्या तोंडाशी दुकान, दोन मशिनं, एक मोठा आरसा. ठकी तेरा वर्षांची, एकुलती एक. शाळेत धडा वाचायची पाळी आली की तिचा घसा दुखायचा. वर्ष सुरू झाल्यापासून तो दुखत होता. शेवटी मास्तरांनी तिला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घसा पाहिला, घशाच्या अलीकडचं सगळं पाहिलं, आणि चिठ्ठीवर दातांच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं.

दातांच्या डॉक्टरांच्या खोलीत गारवा होता. तारा लावाव्या लागतील, दीड-दोन वर्षं, असं ते म्हणाले. खर्चाचा आकडा मात्र त्यांनी तोंडाने उच्चारला नाही. तो कागदावर लिहिला, कागद फिरवला आणि मास्तरांकडे सरकवला.

“नुसत्या वरच्या दातांना लावल्या तर?” मास्तरांनी विचारलं. “खालचे तसेही कोणी बघत नाही.”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

“बरं, पुढचे चारच?”

कोटाला अस्तर फक्त पुढच्या बाजूने लावा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मास्तर ज्या नजरेने बघत, त्याच नजरेने डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांना ती नजर ओळखीची वाटली आणि ते उठले. दारापर्यंत पोहोचल्यावर डॉक्टरांनी हप्त्यांची सोय असल्याचं सांगितलं. मास्तरांनी मनातल्या मनात आकड्याचे तुकडे करून पाहिले. तुकडे केले तरी कापड तेवढंच भरत होतं.

“दुसरं मशीन काढून टाकू,” बायको म्हणाली. “एवढं काय त्यात?”

दुसऱ्या मशीनवर ती स्वतः बसायची. घरातली निम्मी मिळकत त्या मशीनच्या पायाखालून यायची. पोरीचे दात सरळ होतील, पण त्या दातांनी खायचं काय, असं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. मशीन बघायला एक जण शनिवारी येणार होता.

आज गुरुवार होता. शिकणारे डॉक्टर या रुग्णालयात फुकट तारा लावतात, हे त्यांना परवाच एका गिऱ्हाइकाने ट्रायल देता देता सांगितलं होतं. अट एकच. दात शिकण्यासारखे हवेत.

“एकेचाळीस!”

मास्तर ठकीच्या आधी आत पोहोचले.

आतली डॉक्टरीण, ठकीला थोरली बहीण असती तर तिच्या वयाची दिसत होती. डोळ्यांखाली झोपेची थकबाकी, खिशात तीन पेनं, आणि पांढऱ्या कोटाच्या डाव्या बाहीवर एक बटण दोऱ्याच्या शेवटच्या धाग्यावर लोंबकळत होतं. मास्तरांची नजर आधी तिथेच गेली.

“घरात आणखी कोणाचे दात असे आहेत?” तिने फॉर्म पुढे ओढला.

“मामाचे,” मास्तर तत्परतेने म्हणाले. “ही मामावर गेलीय.”

डॉक्टरणीने ‘मामा’ असं लिहिलं. हा मामा दोन दिवसांच्या प्रवासाइतका लांब राहत असे आणि मास्तरांच्या लग्नानंतर एकदाही फिरकला नव्हता. त्याला भरघोस मिशा होत्या, त्यामुळे त्याचे दात नक्की कोणी पाहिले होते, हे सांगता येत नव्हतं. मास्तरांच्या दृष्टीने तो हवा तसा माणूस होता.

ठकी खुर्चीत मागे रेलली. डॉक्टरणीने आरसा घातला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

“चांगले आहेत तसे.”

“चांगले?” मास्तर पुढे झाले. “अहो, नीट बघा. उजव्या बाजूने बघा. तो सुळा पाहिलात? एकटाच वरच्या मजल्यावर राहतो तो.”

“हो, पण तो खाली आणता येतो.”

“आणि खालचे? एकाच्या मांडीवर एक बसलेत. ठकी, दाखव त्यांना. घरी आरशासमोर दाखवलंस तसं.”

काल संध्याकाळी बापलेकीने आरशासमोर तालीम केली होती. जबडा किती पुढे काढला म्हणजे दात जास्तीत जास्त वाईट दिसतात, हे मास्तरांनी टाचणीची खूण करावी इतकं नेमकं शोधून काढलं होतं. ठकीने आता तसं काही केलं नाही.

“हे बघा काका,” डॉक्टरीण म्हणाली, “ही मध्यम केस आहे. माझ्याकडे मध्यम चार झाल्यात. परीक्षेसाठी मला एक अवघड हवीय, आणि ती मिळत नाहीये. मध्यम घेतली तर सर मलाच बाहेर काढतील.”

“अवघडच आहे हो ही! हसली ना, की अर्ध्या हिरड्या बाहेर. हस गं. ठकी, हसून दाखव. तुम्ही एकदा बघाच, म्हणजे तुम्हालाच कळेल की इतके वाईट दात...”

ते थांबले, कारण ठकीचे दोन्ही तळहात तोंडावर गेले होते. आधी एक असायचा.

खोलीत कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मास्तरांनी एकदा दरवाज्याकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं. हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचेना. त्या हातांना बेकार बसायची सवय नव्हती.

“डॉक्टर,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “ते बटण.”

“काय?”

“पडेल ते. इकडे करा हात.”

तिने गोंधळून हात पुढे केला. मास्तरांनी सदऱ्याच्या कॉलरमागची सुई काढली. सुईत पांढरा दोरा ओवलेलाच होता. चार टाके, दोन वेढे, एक गाठ. एवढ्या वेळात त्यांच्या पायांची चुळबुळ पहिल्यांदाच थांबली. मग ते सवयीने वाकले, पुढच्या दोन दातांमधल्या फटीत दोरा धरला आणि कट्कन तोडला.

डॉक्टरणीने हात मागे घेतला नाही. ती वाकून बघत राहिली.

“काका, तोंड उघडा.”

“माझं काय त्यात?”

“उघडा तर.”

मास्तरांनी ओठ मिटले. ते एरवीही ओठ जेमतेम हलवूनच बोलत. तीस वर्षं तोंडात टाचण्या धरून काम केल्यावर बोलणं असंच होतं, असं लोक समजत, आणि मास्तरांनी तो समज कधी उसवला नव्हता.

“दोनच मिनिटं,” डॉक्टरीण म्हणाली. तिचे डोळे एकदम जागे झाले होते.

त्यांनी तोंड उघडलं. तिने आत पाहिलं, आणि दुकानात उत्तम कापडाचं ठाण उघडल्यावर गिऱ्हाइकांच्या तोंडून निघतो तसा आवाज तिच्या तोंडून निघाला.

“ही खाच कसली?”

“दोऱ्याची.”

“सर!” ती दारातूनच ओरडली. “सर, जरा येता का?”

मोठे सर आले. त्यांनी मास्तरांच्या तोंडात पाहिलं, मग ठकीच्या, मग पुन्हा मास्तरांच्या.

“तोच सुळा,” ते म्हणाले. “तीच बाजू. खालची दाटीसुद्धा तीच. नक्कल म्हणावी तर अशी.” मग ते मास्तरांकडे वळले. “असं करू. बाप आणि लेक, दोघांना तारा लावू. दोन पिढ्यांचा एकच जबडा अभ्यासाला मिळत नाही सहसा. खर्च सगळा विभागाचा. पण लावायच्या तर दोघांना. एकट्या मुलीला मला घेता येणार नाही.”

“मला?” मास्तर हसले. म्हणजे त्यांच्या नाकातून हवा आली. “साहेब, अठ्ठेचाळीस सरलं मला.”

“हाड वयाचा दाखला मागत नाही. दोन वर्षं, दर महिन्याला यायचं. दाताने दोरा तोडायचा नाही. तोंडात टाचणी तर अजिबात नाही.”

“मग मी काम कसं करू?”

“कात्री असेल ना तुमच्याकडे?” सर म्हणाले आणि निघूनही गेले.

मास्तर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. तोंडात तारा घेऊन दुकानात उभा असलेला अठ्ठेचाळीस वर्षांचा टेलर त्यांनी डोळ्यांसमोर आणला. गिऱ्हाईक आरशात बघणार. आरसा मोठा होता. त्यात गिऱ्हाइकामागचा टेलरही मावत असे. शेजारचा इस्त्रीवाला तर महिनाभर दुसरं काही बोलणार नव्हता.

“नको बाबा,” ठकी हातांच्या आडून म्हणाली. “राहू देत. मला चालतील हेच.”

ते तिच्याकडे बघत राहिले. बोटं नीट जुळवलेली होती, एकही फट नाही. हे आच्छादन कोणाकडे बघून शिवलंय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरणीने फॉर्म पुन्हा समोर घेतला होता. पेन ‘मामा’वर टेकलं होतं.

“काका, हे खोडू?”

“खोडा,” मास्तर म्हणाले. मग, कोणी विचारलं नसताना, जरा मोठ्याने म्हणाले, “माझ्यावर गेलीय ती.”

दुकानात बायकोने सगळं ऐकून घेतलं. काम थांबवलं नाही. पायाखालचं मशीन चालूच होतं आणि मास्तर तिच्या खुर्चीभोवती येरझाऱ्या घालत होते.

“शनिवारच्या माणसाला नको म्हणून सांग,” ते म्हणाले.

“सांगते.”

“हसतील लोक.”

“हसतील की.”

“तुला काही म्हणायचंय का?”

तिने शिवण संपवली, कापड वळवलं. “तेरा वर्षं माझा बिचारा दादा तुमचे दात वागवतोय,” ती म्हणाली. “आज फोन करून कळवते त्याला. सुटला म्हणावं.”

मग ती उठली. खणांच्या कपाटातला सगळ्यात खालचा खण तिने ओढला आणि एक टाचण्यांची गादी काढली. मनगटावर बांधायची, लाल मखमलीची, कडेने बारीक टीप घातलेली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिने स्वतः केली होती. मास्तरांनी तेव्हा ती दोन दिवस बांधली होती, आणि मग, तोंडात धरल्या की हात मोकळे राहतात, असं सांगून परत केली होती. ती कुठे असेल ते तिला शोधावं लागलं नाही.

तारा लागल्या. पहिले चार दिवस दोघं पातळ पेजेवर होते आणि दोघं मिळून घरात एक शब्दही बोलले नाहीत. इस्त्रीवाल्याने अपेक्षेप्रमाणे महिना घेतला. मास्तर सवयीने दोरा तोंडाकडे नेत, तारेला तो अडके, आणि मग कात्री शोधायची पळापळ होई. कात्री बहुधा गळ्यातल्या दोरीलाच असे.

दुसऱ्या महिन्यात बँकेतले साहेब पॅन्ट सैल करायला आले. ते दर वर्षी येत, दर वर्षी एक इंच वाढवत, आणि दर वर्षी आरशासमोर पोट आत घेऊन तोच विनोद करत. मास्तर वाकून कमरेला टाचण्या लावत होते. मागच्या बाकावर ठकी इतिहासाचं पुस्तक उघडून बसली होती.

“काय सांगू मास्तर,” साहेब म्हणाले, “आमचं कपाटच दमट. नुसत्या टांगून ठेवल्या तरी पॅन्टा आटतात.”

अकरा वर्षं मास्तरांनी या विनोदावर तोंडातल्या टाचण्या सांभाळत मान हलवली होती. आताही त्यांची बोटं गादीतून एक टाचणी उपसून ओठांपर्यंत गेली. तिथे ती क्षणभर घुटमळली.

मग त्यांनी ती परत गादीत टोचली, आणि ते हसले. तारांसकट, चांगले खदखदून. विनोद तितका बरा नव्हता.

साहेब चकित होऊन आरशात बघायला लागले. मागच्या बाकावर कोणीतरी मोकळ्या तोंडाने हसत होतं. मास्तरांनी आरशात नजर टाकली नाही. कमरेचं माप चुकलं असतं.